स्टँडर्ड ऑइल ही उधळपट्टी नव्हे

महोदय,

कॉलेजच्या लॅबसाठी घेतलेल्या स्टँडर्ड ऑइलला (व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा दाटपणा, मोजणारी उपकरणे तपासायचे तेल) कालच्या अंकात तुम्ही ‘उधळपट्टी’ म्हटलेत, तेही शेजारी खाद्यतेलाचा भाव छापून. वाचून संताप आला. बाटलीत बहुतेकदा मिनरल ऑइलच असते, मान्य. पण पैसे जातात ते सोबतच्या सर्टिफिकेटचे. कोणत्या तापमानाला व्हिस्कॉसिटी किती आणि त्या आकड्यात अनिश्चितता किती, हे त्यावर लिहिलेले असते. या सगळ्याचे मूळ पाण्यात आहे. 20 अंश सेल्सिअसला पाण्याची व्हिस्कॉसिटी 1.0016 मिलिपास्कल-सेकंद (व्हिस्कॉसिटीचे एकक) धरतात आणि तिथून पायरीपायरीने दाट तेलांपर्यंत जातात. शिवाय एकदा वापरलेले तेल बाटलीत परत ओतायचे नसते, त्यामुळे बाटली संपणारच.

दुसऱ्यांनी ती न वापरल्याचा भुर्दंड आम्ही भरला आहे. एका मोठ्या कारखान्याने आमचे व्हीजी 46 (व्हिस्कॉसिटीवरून ठरणारी ग्रेड) हायड्रॉलिक ऑइल नापास केले. या ग्रेडला 40 अंशांवर 41.4 ते 50.6 सेंटिस्टोक (व्हिस्कॉसिटीचे आणखी एक एकक) चालतात. आमच्याकडे 47 येत होते, त्यांच्याकडे 52. पिंपांनी भरलेला ट्रक गेटवरूनच परत आला. मी त्यांच्या लॅबमध्ये गेलो तर स्टँडर्ड ऑइलची बाटली कुलूपबंद कपाटात, सील शाबूत आणि मुदत उलटलेली! ऑडिटरला दाखवण्यापुरती ठेवली होती. मग मी सोबत नेलेले ताजे स्टँडर्ड त्यांच्याच ट्यूबमध्ये (तेल खाली उतरायला लागणाऱ्या वेळावरून व्हिस्कॉसिटी मोजायची काचनळी) भरून त्यांच्याच बाथमध्ये (ट्यूब ठरावीक तापमानाला ठेवायचे भांडे) लावले. वरच्या खुणेवरून खालच्या खुणेपर्यंत तेल उतरेना. सर्टिफिकेटपेक्षा रीडिंग बरेच जास्त आले. बाथचा थर्मामीटर दोन अंश चढा दाखवत होता, म्हणजे बाथ 38 अंशांवरच होता आणि थंड तेल दाट भरते. या चाचणीत अंशाच्या शंभराव्या भागांचा हिशोब ठेवतात, इथे दोन अंश! माल नंतर घेतला, पण भाडे आमच्याच माथी मारले आणि दिलगिरीची एक ओळही आली नाही.

तेव्हा चौकशी करायचीच असेल तर कॉलेजातल्या बाटल्या सर्टिफिकेटसह आल्या का आणि मुदतीत वापरल्या जातात का, याची करा.

आणखी एक. बातमीच्या तक्त्यात मध, एरंडेल, ग्लिसरीन यांची व्हिस्कॉसिटी दिलीत, पण तापमान एकाचेही नाही. शुद्ध ग्लिसरीन 20 अंशांवर सुमारे 1400 मिलिपास्कल-सेकंद असते, 30 अंशांवर 600 च्या आसपास येते. तापमानाशिवाय दिलेला आकडा विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घेऊ नये, म्हणून तक्ता दुरुस्त करून पुन्हा छापावा, ही विनंती.

– एक लॅब केमिस्ट, डोंबिवली