वाहिनी भरल्यावर पाणी कुठून जाणार? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरविकास मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

विषय : पर्जन्यजल वाहिन्यांच्या क्षमतेबाहेर पडणाऱ्या पावसाचे नियोजन

मोठा पाऊस होऊन शहरात पाणी तुंबले की पाहणी दौरे होतात, खुलासे मागवले जातात आणि थोड्याच दिवसांत जुन्या पर्जन्यजल वाहिन्या काढून मोठ्या व्यासाच्या टाकण्याचा प्रस्ताव आपल्यासमोर येतो. त्या प्रस्तावात वाहिनीचा व्यास, लांबी, उतार आणि खर्च हे सारे असते. नवी वाहिनीही भरली तर त्यापुढचे पाणी कोणत्या रस्त्याने, कुठवर जाईल, एवढे मात्र नसते. या प्रश्नाचे उत्तर नकाशावर दाखवल्याशिवाय कोणत्याही प्रस्तावाला मंजुरी देऊ नये, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पर्जन्यजल वाहिन्यांचे आराखडे करणे हे माझे काम असल्यामुळे थोडे गणित मांडण्याची परवानगी असावी.

वाहिनीचा आकार ठरवताना अभियंत्याला एक ठरावीक पाऊस गृहीत धरावा लागतो. समजा, सरासरी पाच वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरला. याचा अर्थ पाच वर्षे निर्धास्त राहावे असा होत नाही. दर वर्षी त्याहून मोठा पाऊस येण्याची शक्यता २० टक्के असते आणि सलग पाच वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के असते. वाहिनी अधूनमधून ओसंडणार हे तिच्या रचनेतच मान्य केलेले असते, आणि त्यात वावगे काही नाही, कारण शतकातून एकदा येणाऱ्या पावसाला पुरेल एवढी वाहिनी प्रत्येक रस्त्याखाली घालण्याइतका पैसाही नसतो आणि भूमिगत केबल, पाणीपुरवठा व मलवाहिन्यांच्या गर्दीत तेवढी जागाही नसते. वाईट इतकेच की ही मर्यादा आराखड्याच्या पानांत राहते, आणि लोकांना मात्र ‘आता पाणी तुंबणार नाही’ असे सांगितले जाते.

त्यातच गृहीत धरलेला पाऊसही आता जुना झाला आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि थोड्या वेळात कोसळणाऱ्या सरींमध्ये हे वाढीव बाष्प ठळकपणे उतरते. आमचे सारे हिशेब मात्र मागच्या काही दशकांच्या नोंदींवरून काढलेल्या तीव्रता-कालावधी-वारंवारता आलेखांवर, म्हणजे किती जोराचा पाऊस किती वेळ आणि किती वर्षांतून एकदा पडतो हे दाखवणाऱ्या आलेखांवर, चालतात. ते आलेख कोणत्या वर्षापर्यंतच्या नोंदींवर आधारलेले आहेत, हे आराखडा मंजूर करणाऱ्यानेही सहसा विचारलेले नसते.

वातावरणाइतकाच वाटा आपण जमिनीवर जे केले त्याचाही आहे. एक हेक्टरचा मोकळा, गवताळ भूखंड घ्या. ताशी ५० मिलीमीटर पावसातले साधारण ३० टक्के पाणी त्यावरून वाहून जाईल असे धरले, तर सेकंदाला सुमारे ४२ लिटर पाणी वाहिनीकडे येते. त्याच भूखंडावर इमारती, वाहनतळ आणि फरसबंदी झाली की ९० टक्के पाणी वाहते आणि तोच आकडा १२५ लिटर होतो; पाऊस तसूभरही वाढलेला नसतो. पाऊसही दुप्पट झाला तर तो २५० लिटरवर, म्हणजे मूळच्या सहापट जातो. बांधकाम परवानगी देणारा विभाग आणि वाहिन्या सांभाळणारा विभाग यांच्यात या सहापटीवर बोलणे झाल्याचे फारसे ऐकिवात नाही.

मोठी वाहिनी घातली की हे पाणी नाहीसे होत नाही, ते खालच्या वस्तीत लवकर पोहोचते. वाहिनीचे मुख जिथे नदीत किंवा खाडीत उघडते, तिथे पुराची किंवा भरतीची पातळी मुखाच्या वर असेल, तर उताराच्या जोरावर चालणारी वाहिनी व्यास कितीही वाढवला तरी रिकामी होत नाही. उलट झडप नसेल तर बाहेरचे पाणीच आत शिरते. अशा ठिकाणी पंप लागतात, किंवा पातळी उतरेपर्यंत पाणी वरच कुठेतरी धरून ठेवावे लागते. पंपांना वीज लागते, आणि ती नेमकी त्याच रात्री जाते.

धरून ठेवण्याचे काम कसे होते, याची उदाहरणे आता डोळ्यांसमोर आहेत. २ जुलै २०११ रोजी कोपनहेगनमध्ये दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलीमीटर पाऊस पडला. त्यानंतर २०१२ मध्ये त्या शहराने ढगफुटीसाठी स्वतंत्र आराखडा केला आणि वाहिन्यांना जे पेलणार नाही ते पाणी कोणत्या रस्त्यांवरून न्यायचे, कोणत्या बागांमध्ये थांबवायचे हे ठरवून टाकले. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचू नये, हे उद्दिष्ट त्यांनी उघडपणे जाहीर केले. तिथल्या एंगहावे उद्यानाचा काही भाग खोलगट करून भोवती बांध घातल्यामुळे त्यात २०,००० घनमीटरहून अधिक पाणी मावते. रॉटरडॅममध्ये २०१३ साली बांधलेल्या बेंथेमप्लेन चौकात खोलगट क्रीडांगण आहे. एरवी तिथे मुले खेळतात आणि जोराच्या पावसात त्याचा हौद होतो.

मात्र ‘स्पंज शहर’, म्हणजे पावसाचे पाणी स्पंजासारखे मुरवून धरून ठेवणारे शहर, हा शब्द हल्ली सादरीकरणांत फार सैलपणे वापरला जातो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. चीनमधील झेंगझौ शहराने पाणी मुरवण्याच्या योजनांवर मोठा खर्च केला होता. २० जुलै २०२१ रोजी तिथे एका तासात २०१.९ मिलीमीटर पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत अडकलेल्या प्रवाशांचे प्राण गेले. एवढा पाऊस कोणतीही माती तासाभरात शोषत नाही. शोषखड्डे, पाझर फरशा आणि रस्त्याकडेचे हिरवे चर नेहमीच्या व मध्यम पावसाचा भार हलका करतात आणि त्यासाठी ते जरूर करावेत. पण जिथे भूजल वर आहे किंवा जमीन घट्ट चिकणमातीची आहे, तिथे तेही फारसे काम करत नाहीत. म्हणून मुरवणे, धरणे आणि वाहून नेणे या तिन्हींच्या पुढे चौथी सोय हवी : उरलेल्या पाण्यासाठी राखलेली वाट. रस्त्याचा उतार आणि कडेच्या दगडांची उंची नीट ठेवली तर रस्ताच ते काम करतो. दर डांबरीकरणात रस्त्याची पातळी दोन-चार इंच वर चढत गेली, की तेच पाणी लोकांच्या उंबरठ्यातून आत जाते.

देखभालीचा मुद्दा साधा आहे, म्हणून तो नेहमी मागे पडतो. रस्त्याकडेची जाळी पहिल्या सरीत पानांनी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी आणि बांधकामाच्या वाळूने बंद झाली, तर खालची वाहिनी अर्धी रिकामी असतानाही वर गुडघाभर पाणी साचते. नालेसफाईचे देयक किती टन गाळ काढला यावर दिले जाते. तो गाळ काठावरच ठेवला की पहिल्या जोराच्या पावसात परत आत येतो. देयक पावसाळ्यापूर्वी तळ मूळ पातळीला आला की नाही यावर द्यावे, आणि ती पातळी मोजून वाहिनीनिहाय प्रसिद्ध करावी.

खर्च कोणी उचलायचा, याचाही मार्ग आहे. जर्मनीतील अनेक नगरपालिका आणि अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहर मालमत्तेवरील पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रफळाचा हिशेब करून पर्जन्यजल शुल्क आकारतात. जो आपल्या आवारात पाणी धरतो, त्याचे शुल्क कमी होते. छोट्या घरांना यात सवलत असावी. मोठी व्यापारी संकुले आणि वाहनतळ यांना मात्र सूट देण्याचे कारण मला दिसत नाही.

तेव्हा महोदय, आपल्या अधिकारात होण्यासारखी कामे पुढीलप्रमाणे आहेत. प्रत्येक मुख्य वाहिनी ताशी किती मिलीमीटर पावसासाठी आणि कोणत्या वर्षापर्यंतच्या नोंदींवर बांधली आहे, हे नागरिकांना पाहता येईल असे जाहीर करावे. पावसाचे आलेख ताज्या नोंदींवरून नव्याने काढून त्यांच्या फेरतपासणीची मुदत नियमातच घालावी. ओसंडणाऱ्या पाण्याच्या वाटा भूपातळीच्या नकाशावरून निश्चित करून त्यांना विकास आराखड्यात रस्त्यांसारखेच आरक्षण द्यावे, म्हणजे त्यांवर भिंत किंवा भराव घालणाऱ्याला परवानगीच मिळणार नाही. रुग्णालये, वीज उपकेंद्रे आणि भुयारी मार्गांची प्रवेशद्वारे यांची तपासणी सर्वांत आधी व्हावी. नकाशाचे हे काम नव्या वाहिन्यांच्या तुलनेत अगदी थोड्या खर्चात होते, म्हणून वाहिन्यांच्या पुढच्या निविदा निघण्यापूर्वीच त्याचे आदेश निघावेत.

आपला,
एक पर्जन्यजल अभियंता