आक्षेप आला म्हणजे केस झाली नाही

म्युनिक, डिसेंबर 2025

तीर्थरूप अण्णा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. हे आधी लिहिते, नाहीतर आई पुढचं काही धड ऐकणार नाही. तोंड बारीक दिसलं ते मोबाईलच्या उजेडामुळं, वजन आहे तेवढंच आहे. ज्वारीचं पीठ अजून अर्धा डबा शिल्लक आहे आणि येसर तर पुरून उरेल.

लिहायला बसले ते रविवारच्या फोनमुळं. "पेटंट ऑफिसचा आक्षेप आलाय" एवढं मी म्हणाले अन् रेंज गेली. रात्री वैभवचा मेसेज आला की अण्णा जेवले नाहीत, ताईवर कोर्टकचेरी झाली का म्हणून विचारतायत. अण्णा, केस झालेली नाही. नोकरी गेलेली नाही. व्हिसाला धक्का नाही. वाटणीच्या दाव्यात तुमची उमर गेली, कागद म्हटला की तुम्हाला घाम फुटतो हे मला कळतं. पण हा कागद त्यातला नाही. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही निम्म्यातच "हां हां, बरं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून कागदावर उतरवतेय. पानांचे फोटो वैभवला पाठवते, मूळ पत्र पोस्टानं येईल तेव्हा येईल. वैभव, सावकाश वाच अन् मधलं गाळू नको.

आम्ही केलेली वस्तू तळहाताएवढी आहे. भिंतीतल्या सॉकेटात सरळ खुपसायची, वायर नाही. समोर रात्रीचा मंद दिवा, खाली मोबाईल चार्जिंगची खाच. पोटातून एक फळी बाहेर सरकते, तिच्यावर मोबाईल ठेवायचा. काम झालं की बोटानं ढकलायची, टक्क करून आत जाते. गोम अशी की फळी बाहेर आली की मोबाईलचं वजन भिंतीपासून लांब जातं आणि प्लग वरच्या अंगानं उचकटायला लागतो. इथली सॉकेटं बोटाचं पेर बुडेल इतकी खोलगट असतात, आपल्या बोर्डासारखी सपाट नसतात, प्लग आत घट्ट बसतो. तरीही रोजच्या हिसक्यानं ढिला पडतोच. म्हणून फळीच्या सोबत खालून एक छोटा पाय निघतो आणि सॉकेटच्या खाली भिंतीला टेकतो. उचकटण्याचा जोर पिनांवर न येता भिंतीवर जातो. फळी आत गेली की पायही आत. फळी दुसऱ्यांची, पाय माझा.

याचं पेटंट मिळावं म्हणून कंपनीनं युरोपियन पेटंट ऑफिसात अर्ज टाकलाय. ते ऑफिस 1977 पासून इथंच म्युनिकात आहे, आता त्याची इमारत इसार नदीच्या काठाला आहे. अर्जाच्या शेवटी दावे लिहितात. आपण खरेदीखतात गट नंबरखाली चतुःसीमा लिहितो, पूर्वेला अमक्याचा बांध, दक्षिणेला ओढा, तसंच. पहिला दावा कुणीही ऐसपैसच घालतो. मिळाला तर मिळाला. मग परीक्षक जुनी कागदपत्रं उकरतो आणि सांगतो की या तुकड्यावर आधीच दुसऱ्याची वहिवाट आहे. त्याचं कामच ते. पहिल्या झटक्यात आक्षेप न येता पास झालेला अर्ज असला तर आमच्या वकीलबाई उलट म्हणतात की दावा फारच आखूड घातला असणार.

आमच्या परीक्षकानं एक जुना अमेरिकी कागद काढला. त्यात भिंतीत खुपसायचा दिवा आहे आणि त्याला सरकती फळी आहे. म्हणजे नुसत्या फळीवर आमचा हक्क संपला, ते आम्हालाही मान्य. पायाबद्दल त्यानं एक चिनी कागद दाखवला. त्यात चार्जरला आधाराचा पाय आहे, पण तो कायमचा बसवलेला, हलत नाही. परीक्षकाचं म्हणणं, या विषयातल्या साध्या इंजिनियरनं हे दोन कागद शेजारी ठेवले असते तर तुमची वस्तू आपोआप झाली असती, त्यात डोकं काय लावलंत? मला वाचून राग आला, खरं सांगते. पण वकीलबाई शांत. त्या म्हणाल्या, त्याला दोन्ही जोडता आलं असतं एवढ्यावर भागत नाही, जोडायला त्याला काही कारण मिळालं असतं का, हे बघतात. चिनी कागदातला पाय हलत नाही आणि तो हलवावा असं त्यात कुठं सुचवलेलंही नाही. आमच्या वस्तूत एकाच सरकण्यात फळी आणि पाय दोन्ही येतात, माणसाला पाय वेगळा उघडायची आठवण ठेवावी लागत नाही. भांडायचं ते एवढ्यावरच.

आता दावा आखडून लिहायचा: फळी, रूळ, पाय आणि फळीला पाय जोडणारी कडी. इथं एक नियम लई कडक आहे. अर्ज टाकताना जे कागदावर होतं त्याच्याबाहेरचं एक अक्षरही नंतर घुसडता येत नाही. बरं झालं, कडीचं वाक्य मूळ अर्जात आहे आणि चौथ्या आकृतीत ती दिसतेही. उत्तराला चार महिने दिलेत, म्हणजे मार्चअखेर. एवढंच प्रकरण आहे, अण्णा. यात जेवण सोडण्यासारखं काय होतं?

हे ऐकून तुम्हाला हसू येईल. तुम्ही खोबरेल तेलाची निळी बाटली कापून, तिला भोक पाडून, चार्जरला अडकवता आणि तिच्यात मोबाईल ठेवता, ते मी वकीलबाईंना गंमत म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. वही उघडली अन् विचारलं, हे किती वर्षांपासून करतात? घरात की चारचौघांत? कारण इथल्या कायद्यात अर्जाच्या तारखेआधी जगात कुठंही, कुठल्याही रीतीनं जे लोकांसमोर आलं ते सगळं जुनं धरतात. छापलेलं असावं लागत नाही. औशाच्या स्टँडवरच्या टपरीतली बाटलीसुद्धा चालते. शेवटी ठरलं की बाटली आत सरकत नाही आणि तिला भिंतीला टेकणारा पायही नाही, म्हणून आपल्याला त्रास नाही. पण त्या दिवशी मी जागेवर परत आले आणि बराच वेळ काही काम केलं नाही.

बाटली काढून टाका मात्र. आपला तो बोर्ड हलतो, त्यात पाणी मुरतं, आणि रातच्याला लाईट आली की एकदम जादा दाबानं येते. वैभवला सांगून बोर्ड बदलून घ्या, पैसे मी देते.

आता आईचा प्रश्न. बाहेर बर्फ अन् हिची खिडकी उघडी, हिला वेड लागलं का, हेच ना? आई, ही इथली रीत आहे आणि ती कुणी मोडत नाही. भर थंडीत दिवसातून दोन-तीनदा घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात. पाच मिनिटं, फार तर दहा. उघडायच्या आधी हीटर बंद करायचा. शक्यतो समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, म्हणजे वारा आरपार जातो. मग बंद, हीटर चालू. कारण विचारलं तर सांगतात, माणसाच्या श्वासाची, स्वयंपाकाची, अंघोळीची वाफ भिंतीत बसते आणि काळी बुरशी येते. घरभाड्याच्या करारातही हे लिहिलेलं असतं बरं का, आणि बुरशी आली तर घरमालक पहिला प्रश्न हाच करतो. खिडकीची मूठसुद्धा वेगळीच. खाली असली की बंद. आडवी केली की खिडकी दारासारखी उघडते. आणि वर केली की नुसती वरून आत झुकते, फट पडते. मला वाटायचं फट बरी, थंडी कमी येईल. शेजारच्या आजीबाईंनी जिन्यात गाठून सांगितलं, फट ठेवलीस तर भिंत गारठते अन् हवा बदलत नाही, उघडायची तर पूर्ण उघड! ऑफिसात तर चालू मीटिंगमध्ये एकजण उठतो, न विचारता खिडकी उघडतो आणि सगळे कोट चढवून पुढं बोलत राहतात. मी आता स्वतःच उघडते. तू फोन केलास तेव्हा ती पाच मिनिटं चालू होती, एवढंच. सर्दी झालेली नाही. झाली होती ती ऑक्टोबरात, ती वेगळी.

येळवशीला, वेळ अमावस्येला, सगळ्यांना शेतात न्या. सप्टेंबरच्या पावसानं रान खरवडून नेलं म्हणून यंदा पूजेचा कडब्याचा कोप घालायचा नाही, असं अण्णा म्हणाल्याचं वैभव सांगत होता. घाला. भज्जी अन् आंबील थोडी करा, पण करा. मी इथं दुकानातल्या हिरव्या वाटाण्याची भज्जी करणार आहे. चांगली होत नाही, पण होते.

पैशाचं. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये असताना तुम्ही व्यापाऱ्याला त्याच्या खालीच घातलं, ते मला आठ दिवसांनी कळलं. चार दिवस थांबण्यापुरते पैसे मी पाठवले नसते का? सोसायटीचा हप्ता या महिन्यात भरते, तुम्ही कुणाकडं हात पसरू नका. आणि वैभव, ताईला पेटंटचे कोटी मिळणार असं पारावर सांगत फिरणं बंद कर. इथं 1957 चा कायदा आहे, नोकरानं शोध लावला तर कंपनीनं त्याला वाजवी मोबदला द्यायचा. पण तो मालाच्या विक्रीवर ठरतो आणि आमची नावं तीन आहेत. आला तर एखादी म्हैस येईल, बंगला येणार नाही. शिवाय हे पेटंट युरोपापुरतं. उद्या लातूरच्या एमआयडीसीत कुणी अशी वस्तू केली तर या कागदानं त्याला अडवता येत नाही.

वैभवचं लग्न माझ्यासाठी अडवू नका, हे तिसऱ्यांदा लिहितेय असं वाटू देऊ नका, वाटलं तरी वाचा. थोरली बसलीय अन् धाकट्याचं करताय म्हणून बोलणारे बोलतील. मामींना मी स्वतः फोन करते. तीन लाख बाजूला ठेवलेत, जानेवारीत पाठवते, त्यात मंडप आणि जेवण निघावं. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, मेच्या मध्यापासून महिनाभर लग्नं होत नाहीत, म्हणून पाहुणे गुढीपाडव्याच्या आतलाच मुहूर्त मागतायत ना? पण मार्चात मला हलता येणार नाही, ते उत्तर माझ्याशिवाय जात नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढं कुठलाही दिवस धरा, हळदीच्या आधी घरी असते. त्यांना नाहीच जमलं तर माझ्यावाचून करा, मी राग धरणार नाही. पण आधी एकदा विचारून बघा.

राहिलं पुण्याच्या मुलाचं. धोंड्याच्या महिन्यात दारात जावई हवा होता म्हणून आई रडली, ते वैभवनं सांगायला नको होतं, पण सांगितलं. नंबर पाठवा, रविवारी बोलते. बोलते म्हणजे होकार नव्हे, आणि मी नोकरी सोडून येणार नाही हे त्याच्या घरच्यांना तुम्ही आधीच सांगा, अण्णा. मी सांगितलं की उर्मटपणा होतो.

तुमची
मनू