साखळीवाल्या साहेबांना

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गेल्या शुक्रवारी रात्री मॅच संपल्यावर कुंपणाशी माकडटोपी घातलेला एक म्हातारा उभा होता, ज्याच्या हातात तुम्ही तुमच्या मोजणीच्या साखळीची केशरी काठी दिलीत, तो मी. इथं अमेरिकेत, कोलंबसला लेकीकडे आल्यापासून नातवाच्या शाळेची अमेरिकन फुटबॉलची ही माझी चौथी मॅच.

आधीच्या तीन मॅचना मी दिसेल त्याला विचारलं. जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही नुसतं एन्जॉय करा." शेजारचे गृहस्थ म्हणाले, हे रग्बीसारखंच असतं. आता मला रग्बी कुठं माहीत! एकानं फोनवर व्हिडिओ लावून दिला आणि खायला निघून गेला. माणसं वाईट नाहीत, पण म्हाताऱ्याला डोकं असेल असं कुणालाच वाटलं नाही. त्यात नातू ज्या जागी खेळतो तिथं चेंडूला हात लागतच नाही म्हणे. मग बघायचं तरी काय?

मैदान मला कळत होतं. सातारा जिल्ह्यात ३४ वर्षं जमिनी मोजल्यात. गोल लाइन ते गोल लाइन १०० यार्ड, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे एंड झोन, रुंदी १६० फूट. बसल्या बसल्या हिशेब केला : एक एकर आणि तेरा गुंठ्यांना किंचित कमी. कळत नव्हतं ते एवढंच, की पट्टेरी शर्टातले पाच पंच वाद कुठल्या हद्दीचा मिटवतायत.

तुम्ही एक काठी मला धरायला दिलीत, दुसरी घेऊन चालत गेलात, साखळी ताणलीत. १० यार्ड, म्हणजे ३० फूट. आमची साखळी ३३ फुटांची. मग तुम्ही परत आलात, गुडघ्यावर हात टेकत खाली बसलात आणि साखळीला अडकवलेल्या चिमट्यावर बोट ठेवलंत. मग खाली, दर पाच यार्डांवर आखलेल्या पांढऱ्या रेघांपैकी एकीवर. पुन्हा चिमटा, पुन्हा रेघ. आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबलात.

साहेब, तुम्ही थांबलात, ते मी विसरणार नाही. साखळी मैदानात नेली की चिमटा त्याच रेघेवर ठेवायचा, म्हणजे ती जिथली तिथंच बसते! आम्हीही पक्क्या खुणेवरूनच मोजणी करायचो. त्यानंतर सगळं उलगडलं : चार प्रयत्नांत चेंडू १० यार्ड पुढे न्यायचा, तुमच्या कडेचा लाइन्समन तुमचा साहेब, पांढऱ्या टोपीवाला सगळ्यांचा. चेंडू कुठं थांबला हे मात्र पंच डोळ्यांनी ठरवतो आणि मग तुम्ही इंचाइंचानं मोजता. हे बघून आमच्या खात्याची फार आठवण आली.

थंडीत घरी जायची घाई सगळ्यांनाच होती. बांधावर मी हजारो माणसं पाहिली. बहुतेकांची नजर आपला दगड कुठं येतो यावरच असायची. दुसऱ्याला नीट दिसतंय का हे बघणारे मोजकेच.

हे पत्र नातू इंग्रजीत करून देणार आहे. 'गुंठा' तो कसा लिहितो, देव जाणे. पुढच्या शुक्रवारी मी त्याच कुंपणाशी असेन. काठी धरायला माणूस कमी पडला तर हाक मारा. झोल येऊ देणार नाही.

आपला,
माकडटोपीवाला