मिरज जंक्शनबाहेर चालणाऱ्याचा विचार आधी व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमृत भारत स्टेशन योजनेत सांगली आणि मिरज ही दोन्ही स्थानके आली, तेव्हापासून नवी इमारत कशी दिसेल, सरकते जिने कुठे बसतील, याचीच चर्चा कानावर येते. ही कामे व्हायलाच हवीत. पण गाडीतून उतरलेला माणूस स्टेशनच्या दाराबाहेर आल्यावर पायी कुठून आणि कसा जाणार, हे कुणी विचारताना दिसत नाही. म्हणून हे पत्र.

मिरजेला उतरतो तो माणूस कोण, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारही बाजूंचे रूळ इथे मिळतात. १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू झाले, तेव्हापासून उत्तर कर्नाटकातला आणि सोलापूरकडचा आजारी माणूस रेल्वेने मिरजेला येतो. आषाढी-कार्तिकीला वारकरी येतात, मीरासाहेबांच्या उरुसाला भाविक येतात. भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून तंबोरा दोन्ही हातांनी छातीशी धरून चालणारा माणूसही याच स्टेशनात दिसतो. यातल्या बहुतेकांना न्यायला मोटार येत नाही. ते चालतच बाहेर पडतात आणि मग बस, रिक्षा किंवा वडाप (माणसे भरून नेणारी शेअर जीप) शोधतात.

मी मिरजेतल्या एका रुग्णालयात परिचारिका होते. परगावच्या पेशंटला घरी सोडताना आम्ही बजावून सांगायचो, पायावर भार देऊ नका, टाक्यांना ताण बसू देऊ नका. तो मान डोलवायचा आणि कुबड्या घेऊन स्टेशनच्या वाटेला लागायचा. त्या वाटेवर उंच कडा, उघडे गटार आणि आडव्या लावलेल्या दुचाक्या असतील, तर आमच्या सांगण्याला काय अर्थ उरला? पेशंट बरा होण्यात रस्त्याचाही वाटा असतो, हे मी नोकरीत शिकले.

स्टेशनबाहेरच्या गर्दीचे एक वैशिष्ट्य आहे. बाजारपेठेतली गर्दी दिवसभर पसरलेली असते. स्टेशनात गाडी लागली की पुढच्या दहा मिनिटांत सगळे एकदम बाहेर येतात आणि मग थोडा वेळ सामसूम होते. म्हणून बाहेरच्या वाटेची रुंदी दिवसाची सरासरी काढून ठरवली तर ती कमीच पडणार. ती त्या दहा मिनिटांसाठी ठरवायला हवी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालायची मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी. चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी निघतील, एवढी ती रुंदी. दुकानांच्या भागात २.५ मीटर सांगितली आहे. जंक्शनच्या दारात तर याहून जास्त लागेल. आणि मोकळी म्हणजे मोकळी. मध्ये विजेचा खांब, डीपी, नाहीतर शुभेच्छांचा फलक उभा राहिला की कागदावरची रुंदी कागदावरच राहते.

पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, हेही त्या सूचनांत आहे. आपल्याकडे डांबराचे थर चढले की पदपथही वर वर चढवले जातात आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला मग रस्त्यावरून चालणेच सोपे वाटते. तिने नियम मोडला असे आपण म्हणतो. खरी चूक त्या पायरीची आहे.

स्टेशनचे दार आणि बसथांबा यांच्यामध्ये रस्ता असेल, तर तिथे नुसते पांढरे पट्टे मारून भागत नाही. ओलांडण्याची जागा पदपथाच्याच उंचीला उचलून घ्यावी. म्हणजे वाहनाला चढून उतरावे लागते, वेग आपोआप कमी होतो आणि चाकांची बॅग सरळ पलीकडे जाते. बारा मीटरचा रस्ता धडधाकट माणूस दहा सेकंदांत ओलांडतो. म्हाताऱ्या माणसाला पंधरा सेकंद सहज लागतात. त्याला मध्ये थांबायला दुभाजकात सुरक्षित जागा हवी.

यावर कुणीतरी पादचारी पुलाची सूचना करील. कृपा करून ती मान्य करू नये. रस्त्यावरून पूल न्यायचा तर खाली साडेपाच मीटर उंची सोडावी लागते. म्हणजे चाळीसएक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. मुंबईत २००८ पासून स्टेशनांबाहेर स्कायवॉक झाले. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी वर शुकशुकाट आणि खाली गर्दी, हे सगळ्यांनी पाहिले आहे. वांद्र्याचा पहिला स्कायवॉक तर पुढे पाडावा लागला. चालणाऱ्याला वर पाठवून खालचा रस्ता वाहनांना मोकळा करून देणे हा न्याय नाही.

रिक्षावाले आणि फेरीवाले यांना हाकलून परिसर 'स्वच्छ' करण्याची भाषाही मला पटत नाही. रात्री उशिराच्या गाडीने एकटी बाई उतरते, तेव्हा चहाच्या गाडीवरचा दिवा आणि चार माणसे हाच तिचा आधार असतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांच्या जागा ठरवून देण्याची सोय केलीच आहे. त्या जागा वाटेच्या कडेला द्याव्यात, वाटेत नकोत. रिक्षांची रांग दारातून दिसेल अशी एका बाजूला असावी. सोडायला येणारी खासगी वाहने थांबून लगेच निघतील आणि तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाड्या लांब लागतील, अशी विभागणी करावी. आज दाराजवळची सगळ्यात चांगली जागा उभ्या गाडीला मिळते. ती माणसाला मिळाली पाहिजे. उंच हायमास्टचा उजेड चौकात पडतो, पण झाडाखाली अंधारच राहतो. म्हणून चालण्याच्या वाटेवर बुटके दिवे हवेत. आहेत ती झाडे तोडू नयेत. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवावी आणि सावलीत बसायला पाठ टेकता येईल अशी बाकडी द्यावीत. एप्रिल-मेच्या उन्हात बसची वाट पाहणाऱ्या पेशंटला एवढे तरी मिळायला हवे.

खरी अडचण हद्दीची आहे. फाटकाच्या आतले रेल्वेच्या पुणे विभागाचे, बाहेरचे महापालिकेचे, शहर बस एसटीची आणि रहदारीचे नियंत्रण पोलिसांचे. चालणाऱ्याला ही रेषा दिसत नाही, पण त्याचा पाय नेमका तिथेच अडखळतो, कारण त्या चार पावलांना धनी नसतो. या सगळ्यांना एकत्र बसणे अशक्य आहे, असे मात्र कुणी म्हणू नये. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेले होते, तेव्हा याच मिरजेतून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. रेल्वे आणि जिल्हा प्रशासन यांनी तेव्हा हद्दीचा वाद घातला नाही. शिवाय पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले आहे.

लगेच कोट्यवधींचा ठेका काढण्याची गरज नाही. आधी रंगाचे पट्टे, कुंड्या आणि बॅरिकेड लावून महिनाभर ही रचना करून पाहावी. कुठे अडते ते रिक्षावाल्यांना, हमालांना, अंध आणि अपंग प्रवाशांना विचारावे, मगच काँक्रीट ओतावे. आणि स्टेशनच्या दारापासून बसथांबा, रिक्षाथांबा आणि मिशन हॉस्पिटलच्या रस्त्यापर्यंतची पायवाट दाखवणारा एकच नकाशा रेल्वे आणि महापालिकेने दोघांच्या सहीने तयार करावा. निविदा निघण्यापूर्वी तो तिकीटखिडकीजवळ लावावा आणि हरकती नोंदवायला एक वही ठेवावी, अशी माझी मागणी आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
विश्रामबाग, सांगली