स्तनांच्या कर्करोगावरील संशोधनात नाव नोंदवणाऱ्या ताई-मावश्यांना, मनापासून

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकींना कर्करोग झालेला नाही, आणि देव करो, तो कधी न होवो. तरीही तुम्ही फॉर्म भरलेत, लाळेची बाटली पाठवलीत, उपाशीपोटी रक्त दिलंत आणि चिठ्ठीत निघेल त्या गटात जायला तयार झालात. डॉक्टरांकडे माणूस जातो ते स्वतःचं काही दुखतं म्हणून. तुम्ही आलात ते पुढच्या पिढीतल्या बायकांच्या एका प्रश्नासाठी. या विषयावर काम करणारे आम्ही काहीजण मिळून हे पत्र लिहितो आहोत. आभार मानायचे तर कशाकशाचे ते नेमकं सांगायला हवं, म्हणून थोडं सविस्तर.

प्रश्न असा आहे. आज बहुतेक ठिकाणी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) वयावर ठरते: इतकी वर्षं पूर्ण झाली की दर वर्षी किंवा दोन वर्षांनी एकदा, सगळ्यांना सारखीच. पण धोका सगळ्यांना सारखा नसतो. बीआरसीए-१ जनुकात दोष असलेल्या बाईला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. त्याच वयाच्या दुसऱ्या एखादीचा धोका सरासरीहूनही कमी असतो. पहिलीला नुसती मॅमोग्राफी पुरत नाही. दुसरीला वारंवार बोलावलं तर फायदा थोडा होतो, आणि खोट्या शंका, जास्तीचे फोटो, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) आणि निकालाची वाट पाहण्याचा ताण मात्र पुरेपूर वाट्याला येतो. मग प्रत्येकीच्या धोक्याप्रमाणे तपासणी ठरवली तर चालेल का? याचं उत्तर विचार करून मिळत नाही. कुणालातरी कमी तपासण्यांच्या गटात जावं लागतं, आणि तिथे गेलेल्यांना उशिरा सापडलेले कर्करोग वाढले नाहीत ना, हे वर्षानुवर्षं पाहावं लागतं.

म्हणून पहिले आभार त्या गटाचे. ‘तुमचा धोका कमी आहे, तुम्ही इतक्यात येऊ नका’ हे ऐकून घ्यायला मोठा विश्वास लागतो. अमेरिकेत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘विस्डम’ अभ्यासात ४० ते ७४ वयाच्या २८ हजारांहून अधिक स्त्रियांची चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागणी झाली: एकीकडे दर वर्षी मॅमोग्राफी, दुसरीकडे धोक्याप्रमाणे. सर्वाधिक धोक्याच्या स्त्रियांना दर सहा महिन्यांनी आलटून पालटून मॅमोग्राफी आणि एमआरआय, सरासरी धोक्याच्या स्त्रियांना दोन वर्षांनी एकदा, अगदी कमी धोका असलेल्यांना तूर्त काहीच नाही. २०२५ च्या अखेरीस निकाल आला. धोक्याप्रमाणे तपासलेल्या गटात पुढच्या टप्प्यातले कर्करोग वाढले नव्हते. बायोप्सी कमी होतील ही अपेक्षा मात्र पूर्ण झाली नाही, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. आणखी एक गोष्ट कळली: जनुकात दोष सापडलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांनी घराण्यात कर्करोग असल्याचं सांगितलेलंच नव्हतं. घराण्याचा इतिहास पाहूनच जनुकीय चाचणी द्यायची, हा नियम किती जणींना वगळतो ते तुमच्या लाळेच्या बाटल्यांमुळे दिसलं. युरोपात ‘मायपेब्स’ हा याच प्रश्नावरचा अभ्यास आहे. त्यात ५३ हजारांहून अधिक स्त्रियांनी नाव दिलं.

नेदरलँड्समधल्या ‘डेन्स’ अभ्यासातल्या स्त्रियांचे आभार वेगळे मानायला हवेत. त्यांची मॅमोग्राफी स्वच्छ होती, फक्त स्तन अतिशय घन (ग्रंथी जास्त, चरबी कमी) होते. मॅमोग्राफीत ग्रंथींचा भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते, म्हणून घन स्तनात गाठ लपते. अशा ५० ते ७५ वयाच्या ४० हजारांवर स्त्रियांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या सुमारे ८ हजार जणींना जादा एमआरआयसाठी बोलावलं. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघड होणारे कर्करोग न बोलावलेल्या गटात हजारात ५ होते, बोलावलेल्या गटात हजारात २.५. या फायद्याची किंमतही तुम्हीच मोजलीत. पहिल्या फेरीत एमआरआय करून घेतलेल्या दर हजार जणींपैकी सुमारे ८० जणींना पुढच्या तपासण्यांना जावं लागलं आणि शेवटी काहीच निघालं नाही. ‘काही नाही निघालं’ असं सांगून घरी पाठवलेल्या तुम्ही सगळ्या त्या निकालाचाच भाग आहात. खोट्या शंकांचा आकडा माहीत नसेल तर एमआरआय कुणाला द्यायचा हे ठरवताच येणार नाही.

आता वजन, साखर आणि कंबर. कर्करोगाच्या अभ्यासात हे कशाला विचारता, असं तुमच्यापैकी अनेकींना वाटत असेल. पाळी गेल्यावर अंडाशयात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) बनणं जवळपास थांबतं, पण चरबीच्या पेशींमधलं अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) ते बनवत राहतं. चरबी जास्त, तर इस्ट्रोजेन जास्त. त्यात रक्तात इन्सुलिन चढं राहिलं की इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनतं, आणि मोकळं इस्ट्रोजेन वाढतं. इन्सुलिन स्वतःही पेशींना वाढायला चिथावतं. म्हणून पाळी गेल्यानंतर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ५ ने वाढला की धोका साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. पाळी सुरू असताना चित्र उलटं दिसतं, जास्त वजनाच्या तरुण स्त्रियांत धोका थोडा कमी आढळतो. फॉर्मवर ‘पाळी कधी बंद झाली’, ‘गर्भाशय काढलं आहे का’ आणि ‘अंडाशय काढले आहेत का’ हे तीन प्रश्न वेगवेगळे असतात ते यासाठीच. गर्भाशय काढलं आणि अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते पण अंडाशयाचं काम चालूच राहतं. त्या बाईची नोंद ‘पाळी गेलेली’ म्हणून झाली, तर तिच्या वजनाचा अर्थच उलटा लावला जातो.

नुसतं वजनही पुरत नाही. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासात बीएमआय अगदी सामान्य असलेल्या, पाळी गेलेल्या ३,४६० स्त्रियांची शरीरातली चरबी स्कॅन करून मोजली होती. सर्वाधिक चरबी असलेल्या पाव हिश्श्यात इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या कर्करोगाचा धोका सर्वात कमी चरबीवाल्यांच्या सुमारे दुप्पट निघाला. वजनकाट्याने या स्त्रियांना ‘ठीक’ ठरवलं असतं.

इथे एक अडचण आहे, आणि तुमच्या नोंदींशिवाय ती सुटत नाही. स्तनांची घनता जास्त तर धोकाही जास्त धरतात, आणि ती टक्क्यांत मोजतात: ग्रंथींचं क्षेत्रफळ भागिले स्तनाचं एकूण क्षेत्रफळ. समजा, १०० चौरस सेंटिमीटरमध्ये ३० चौरस सेंटिमीटर ग्रंथी आहेत, तर घनता ३० टक्के. वजन वाढून एकूण क्षेत्र १५० झालं आणि ग्रंथी तेवढ्याच राहिल्या, तर घनता २० टक्के. कागदावर धोका कमी झाला, प्रत्यक्षात चरबी वाढल्याने तो वाढलेला असू शकतो. घनता आणि बीएमआय दोन्ही एकत्र घातले तरच गणित सरळ होतं, आणि तेही दोन्ही एकाच सुमाराचे असतील तर. म्हणून मॅमोग्राफीच्या दिवशीच वजन-उंची मोजू दिल्याबद्दल आभार. आठवून सांगितलेल्या आकड्यात वजन थोडं कमी आणि उंची थोडी जास्त येते. ७० किलो आणि १५८ सेंटिमीटरचा बीएमआय २८ येतो. तोच ६७ आणि १६० सांगितला तर २६.२. धोक्याचा गट ठरवताना एवढा फरकही उंबरठ्याच्या अलीकडचं पलीकडे करतो.

कंबर मोजताना तुम्ही दोनदा थांबलात, त्यामागेही कारण होतं. टेप सर्वात खालच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या बरोबर मध्ये, कपड्यावरून नाही, जमिनीला समांतर, पाय जवळ घेऊन, सहज श्वास सोडल्यावर. पोट आत ओढलं की आकडा बिघडतो. दोन मोजमापांत १ सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा पहिल्यापासून. ८८ सेंटिमीटरच्या वरचा घेर (काही वंशगटांसाठी ८०), ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर: या पाचांतल्या कुठल्याही तीन असल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. औषध चालू असेल तर आकडा आटोक्यात असला तरी ती बाब धरतात. म्हणून गोळ्यांची यादी न कंटाळता दिलीत हे फार कामाचं झालं.

उपाशी राहण्याबद्दल तर किती आभार मानावेत! ८ ते १२ तास, फक्त पाणी. चहा-कॉफी नाही. इन्सुलिनचा प्रतिरोध मोजण्याचं सोपं सूत्र म्हणजे साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५. साखर ९५ आणि इन्सुलिन १२ असेल तर उत्तर २.८. हाच नमुना पेशी वेगळ्या न करता दोन तास पडून राहिला तर नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. मग साखर ८४ च्या आसपास दिसते आणि उत्तर येतं २.५. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं विकर इन्सुलिनच मोडून टाकतं. म्हणून ‘नमुना पुन्हा द्यावा लागेल’ असा फोन येतो. तो आल्यावर पुन्हा सकाळी उपाशी आलेल्या प्रत्येकीला आमचा नमस्कार. शरीरात लोह कमी असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडाही फसवा येतो, म्हणून त्यासोबत हिमोग्लोबिन पाहावं लागतं.

लाळेच्या बाटलीतही शिस्त लागते. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, फेस सोडून बाटलीवरच्या रेघेपर्यंत लाळ हवी. तोंड कोरडं पडलं तर गाल बाहेरून हलके चोळायचे. फेसासकट रेघ गाठली की डीएनए अपुरा पडतो आणि बाटली पुन्हा पाठवावी लागते.

घराण्याची माहिती गोळा करायला तुम्ही कुणाकुणाला फोन केलेत, याची आम्हाला कल्पना आहे. आईकडच्या आजारांबद्दल बायका पटकन सांगतात, वडिलांकडचं राहून जातं. सदोष जनुक वडिलांकडूनही तितकंच येऊ शकतं, आणि त्यांना बहिणीच नसतील तर ते एक पिढीभर दिसतही नाही. आत्याला झाला का, कितव्या वर्षी झाला, अंडाशयाचा होता की स्तनाचा, घरात पुरुषाला स्तनाचा किंवा कुणाला स्वादुपिंडाचा कर्करोग होता का, यांतलं वय सर्वात महत्त्वाचं. ‘चाळिशीत’ आणि ‘सत्तरीत’ यांनी धोक्याचा आकडा पार बदलतो.

आता ज्या अभ्यासातून अपेक्षित उत्तर आलं नाही, त्यातल्या सहभागींबद्दल. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाने स्तनांचा कर्करोग परत येणं टळेल अशी मोठी आशा होती. मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांनी पाच वर्षं ती गोळी किंवा तिच्यासारखीच दिसणारी बिनऔषधाची गोळी घेतली. २०२२ मध्ये निकाल आला: मुख्य गटात फरक नाही. मळमळ, जुलाब सोसून गोळ्या चालू ठेवलेल्या त्या रुग्णांमुळे आज हजारोंना हे औषध या कारणासाठी विनाकारण दिलं जात नाही. याउलट कमी स्निग्ध आहाराच्या अभ्यासात ४८,८३५ स्त्रिया होत्या. नव्या कर्करोगांत ठळक फरक पडला नाही, पण सुमारे २० वर्षांनी स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू आहार बदललेल्या गटात २१ टक्क्यांनी कमी दिसले, आणि मेटाबॉलिक सिंड्रोमची तीन-चार लक्षणं असलेल्यांत हा फायदा सर्वात जास्त होता. इतकी वर्षं पत्ता कळवत राहिलेल्या स्त्रिया नसत्या, तर पहिल्या निकालावरच ती फाईल बंद झाली असती.

एका बाबतीत अजून तुमचीच गरज आहे. शेकडो छोट्या जनुकीय फरकांची बेरीज करून धोक्याचा जो गुणांक काढतात, तो प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या नमुन्यांवर घडला आहे. इतर वंशांच्या स्त्रियांत तो कमी अचूक ठरतो. तुमच्यापैकी ज्या या इतर समाजांतून पुढे आल्या, त्यांची एक-एक बाटली हे गणित दुरुस्त करायला लागते.

पाठपुरावा अजून चालू असेल तर एवढं करत राहा, त्याबद्दल आगाऊ आभार: पत्ता किंवा फोन बदलला तर कळवा. दुसरीकडे मॅमोग्राफी, सोनोग्राफी किंवा बायोप्सी झाली तर निकाल चांगला असला तरी कळवा, कारण ‘काही झालं नाही’ हीसुद्धा नोंद लागते. जुने फोटो सोबत ठेवा, तज्ज्ञ आधी तुलनाच करतात. तपासणीच्या दिवशी काखेत डिओडोरंट किंवा पावडर लावू नका, त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. आणि धोका कमी असल्याचं पत्र हातात असलं तरी गाठ लागली, कातडी आत ओढली गेली किंवा स्तनाग्रातून रक्त आलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा. ते पत्र लक्षणं नसलेल्या बाईसाठी असतं.

तुमचे ऋणी,
या संशोधनात मोजमापं, नमुने आणि आकडे सांभाळणारे आम्ही