बाबा, हे तुम्ही बघायलाच हवं

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. आई, भूकंपाची बातमी दिसली की तू रात्र जागून काढतेस, म्हणून सांगते. माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया सायन्स सेंटर आहे. तिथे विमानांचं आणि अंतराळाचं नवं संग्रहालय उघडायच्या तयारीत आहे. त्यात नासाचं एन्डेव्हर हे अंतराळयान उड्डाणाला निघाल्यासारखं उभं केलंय, जवळजवळ वीस मजली उंच! पायाखाली धक्का सोसणारे सहा आयसोलेटर बसवलेत. एवढं उंच यान या गावात उभं राहतं, मग माझ्या दुमजली घराची काळजी कशाला?

बाबा, वर्कशॉपात तुम्ही चेनपुलीवर एसटीचं इंजिन उचलायचात ना? इथे जानेवारी 2024 मध्ये रात्रीच्या वेळी क्रेनने अख्खं यान उचलून उभं केलं आणि इंधनाच्या नारिंगी टाकीला जोडलं. त्यानंतर भोवती इमारत चढवली. 25 वेळा अंतराळात जाऊन आलंय ते, शेवटचं 2011 मध्ये. टाकीही खरी, उड्डाणासाठी बनवलेली, पण न उडालेली. ती पनामा कालव्यातून समुद्रमार्गे आणली.

एक रीत मात्र मला अजून उलगडत नाही. इथे रिटायर झालेली माणसं संग्रहालयात फुकट काम करतात. ठरलेला वार, गळ्यात नावाची पट्टी, यायला जमणार नसेल तर आधी कळवायचं. पगार नाही, डबा घरचा. मला वाटलं, मुलं बघत नसतील. तसंही नाही, नातवंडं भेटायला येतात. एका आजोबांना मी विचारलंच. ते पामडेलच्या कारखान्यात होते, जिथे एन्डेव्हर जोडलं गेलं. म्हणाले, हातचं काम आहे, बघायला येतो. बाबा, मला तुम्हीच आठवलात, स्टँडवर उभे राहून गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकणारे.

तुम्हा दोघांना इथे आणायचं तीन वर्षं नुसतं बोलतेय. उघडलं की नक्की.

एक तारखेला चाळीस हजार पाठवलेत. त्यातून आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन करा, मंडपाचे पैसे मी वेगळे पाठवते. सुमीची तारीख माझ्यासाठी अडवू नका. व्हिसाच्या शिक्क्याचं काम अडकलंय, आत्ता बाहेर पडले तर परत येता येईल याची खात्री नाही. मोठीच्या आधी धाकटीचं कसं, असं आत्या म्हणतील. म्हणू देत. आई, माझ्या वाटणीची पैठणी तिलाच नेसव. आणि हळदीच्या दिवशी दादाचा फोन चार्ज करून ठेवा, मी सकाळपासून लाइनवर असेन.

तुमची,
मंजू