फॅनला दोष देण्याआधी कपलर मागून तपासायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

गाडी उभी राहिली की इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढतो, चालायला लागली की खाली येतो. ही तक्रार आली की रेडिएटरच्या फॅनकडे बोट दाखवायला कुणाला फार शिकावं लागत नाही. पुढचं मात्र तुम्ही शिकवलंत. फॅन फिरत नाही याचा अर्थ फॅन खराब आहे असा होत नाही, हे तुम्ही एवढ्या शांतपणे आणि एवढ्या वेळा समजावलंत, की आभार मानायचे तर ते उघडपणेच मानावेत असं आम्हा सगळ्या वायरिंगवाल्यांना वाटलं.

सगळ्यात आधी आभार त्या एका वाक्याचे: "लोड नसताना, म्हणजे फॅन करंट ओढत नसताना, मीटर खोटं बोलतो." फॅनचा कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लग, काढून त्याच्या पिनांवर मल्टिमीटर लावला, 12 व्होल्ट दिसले, म्हणजे सप्लाय आहे आणि मोटर गेली, असा निकाल सर्रास दिला जातो. वायरच्या आतल्या बहुतेक तारा तुटून एकच तार शिल्लक असली तरी मीटर 12 व्होल्टच दाखवतो, कारण त्याला लागणारा करंट नगण्य असतो. फॅनला साधारण 10 ते 20 अँपिअर लागतात. वाटेत कुठे अर्ध्या ओमचा अडथळा असेल, तर त्यातून 15 अँपिअर जाताना साडेसात व्होल्ट तिथेच खर्ची पडतील. मग मोटर हलणार तरी कशी?

म्हणून कपलर जोडलेलाच ठेवायचा, फॅन चालू व्हायला हवा अशी स्थिती आणायची आणि कपलरच्या मागून, वायरच्या बाजूने, बारीक पिन सरकवून मोजायचं. आधी अर्थ, म्हणजे निगेटिव्हची वायर: मीटरची काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल प्रोब फॅनच्या अर्थ पिनवर. 0.2 व्होल्टच्या आत आलं तर अर्थ चांगला. मग एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी फॅनच्या प्लस पिनवर. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर फ्यूजच्या दोन्ही टोकांवर, मग रिलेच्या (कॉइलने चालणाऱ्या स्विचच्या) 30 आणि 87 नंबरच्या पिनांवर, म्हणजे सप्लाय आत येतो आणि फॅनकडे जातो तिथे, असं एकेक टप्पा मोजत जायचं. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. दोन्ही बाजू ठीक असूनही फॅन गप्प असेल, तरच मोटर दोषी. काका, या एका पद्धतीने किती चांगल्या मोटरी भंगारात जायच्या वाचल्या असतील!

मोटरच काढून टाकलेली असेल तर कपलरवर 55 वॅटचा हेडलाइटचा बल्ब लावून बघा, ही तुमचीच सूचना. तो जवळजवळ साडेचार अँपिअर ओढतो. बल्ब लालसर, मरगळल्यासारखा पेटला की वायरिंगमधला दोष डोळ्यांना दिसतो. एलईडीच्या टेस्टरवर विसंबू नका, हेही तुम्ही बजावलंत. त्याला मिलिअँपिअर पुरतात, तो एका तारेवरही लख्ख पेटतो.

रिलेच्या बाबतीत तर तुमचे विशेष आभार. रिले बदलला, फॅन फिरला, काम झालं, असं म्हणून बॉनेट लावू नका, सॉकेट उलटं करून बघा, असं तुम्ही सांगायचात. 30 किंवा 87 च्या खाचेभोवती प्लास्टिक तपकिरी झालेलं, टर्मिनल काळं पडून निळसर झाक आलेलं आणि पिन घातली तर ढिली. सैल पकडीमुळे तिथे उष्णता होते, उष्णतेने टर्मिनलचा ताण आणखी जातो. अशा सॉकेटमध्ये नवा रिलेही काही दिवसांत जळतो. टर्मिनल बदलणं हाच उपाय. रिलेची कॉइल तिच्या 85 आणि 86 या पिनांवर साधारण 50 ते 120 ओम दाखवते. रिले काढून 30 आणि 87 च्या खाचा फ्यूज असलेल्या वायरने जोडल्या आणि फॅन जोरात फिरला, तर पॉवरची वाट ठीक आहे. दोष रिलेत, कॉइलच्या सप्लायमध्ये किंवा ईसीयूकडून (इंजिनच्या कॉम्प्युटरकडून) येणाऱ्या हुकमात आहे.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालण्याचा मोह तुम्ही कधीच खपवून घेतला नाहीत. बॅटरीची निगेटिव्ह काढून पातं हाताने फिरवायचं. अडकत, खरखरत फिरलं तर बेअरिंग धरलंय, आणि जाम मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. ठोकल्यावर फिरणारी मोटर म्हणजे बहुधा आतले कार्बन ब्रश झिजून संपलेत. दोन वेगांच्या फॅनमध्ये फक्त मोठा वेग चालतो आणि छोटा नाही, तर बहुधा छोट्या वेगासाठी करंट कमी करणारा रेझिस्टर उडालेला असतो.

इंजिनच्या कूलंटचं (थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा कपलर काढला की बऱ्याच गाड्यांत ईसीयू सुरक्षेसाठी फॅन चालू करतो. तो चालू झाला तर पुढची सगळी साखळी शाबूत. मग सेन्सर, त्याची वायर आणि कूलंटची पातळी बघायची, कारण हवेच्या पोकळीत बसलेल्या सेन्सरला इंजिनची खरी उष्णता कळतच नाही. आणि गाडी हायवेवरही तापत असेल तर आधी थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर बघा, फॅन नंतर. वेगात असताना समोरून येणारी हवाच पुरते.

नव्या गाड्यांमधल्या, वेग ठरवणारं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मॉड्यूल असलेल्या फॅनला सिग्नलच्या पिनवर डायरेक्ट 12 व्होल्ट देऊ नका, ही तुमची ताकीदही लक्षात आहे. त्याने आतलं सर्किट जाऊ शकतं. तिथे ईसीयूला जोडायच्या स्कॅनरने फॅन चालवून बघायचा आणि प्लस व अर्थ लोडवरच मोजायचे.

इंजिन बंद असलं तरी फॅन कधीही सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटं पात्याजवळ नेण्याआधी बॅटरी सोडा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे तुम्ही प्रत्येक वेळी, पहिल्यांदाच सांगतोय अशा आवाजात सांगायचात. त्याबद्दल सगळ्यांत जास्त आभार.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मीटर धरायला शिकलेली मंडळी